सोनीचा खराब माल आणि लिओ एसाकींचं नोबेल

कंडेन्सर

मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला आहे, सेकंड इयर. परवा तिचं पुस्तक चाळताना टनेल डायोडचं पान उघडलं (साधा डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट, हा त्याचा विचित्र भाऊ) आणि एकदम पंचवीस वर्षं मागे गेलो. आकृती तीच. व्होल्टेज वाढवत नेलं की करंटची रेघ वर चढते, मध्येच खाली घसरते, मग परत वर. आम्हाला हा प्रश्न 'पाच मार्कांना हमखास' म्हणून सांगितलेला, मी आकृती घोकली, पाच मार्क मिळाले, विषय संपला. डायोड कधी हातात घेतला नाही आणि शोधणाऱ्याचं नावही डोक्यात राहिलं नाही. यावेळी सहज वाचायला बसलो तर दोन रात्री त्यातच गेल्या, म्हणून धागा काढतोय.

माणसाचं नाव लिओ एसाकी. जपानीत रेओना, बाहेरच्यांसाठी लिओ. जन्म १२ मार्च १९२५, ओसाकाकडचा, वडील आर्किटेक्ट, शाळा क्योतोला. मग टोकियो इम्पीरियल युनिव्हर्सिटीत फिजिक्स, १९४४ ते ४७. म्हणजे हा क्वांटम मेकॅनिक्स शिकतोय तेव्हा शहर बॉम्बनी जळतंय, आणि डिग्री हातात येते तेव्हा देश हरलेला आणि खायची मारामार. नोकरी लागली ती कोबेच्या एका कंपनीत, व्हॅक्यूम ट्यूबच्या कामावर. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन कसे सुटतात हे बघत बसायचं. आणि गंमत अशी की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला, म्हणजे भाऊ ज्या ट्यूबवर पोट भरणार होते तिचं मरण त्याच वर्षी लिहिलं गेलं. पुढे आयुष्यभर ते भाषणांतून हे सांगायचे, की व्हॅक्यूम ट्यूब कितीही सुधारत बसलात तरी तिच्यातून ट्रान्झिस्टर निघत नाही.

१९५६ ला ते टोकियो त्सुशिन कोग्यो नावाच्या छोट्या कंपनीत आले. दोन वर्षांनी तिनं नाव बदललं आणि सोनी झाली.

आता खरी गोष्ट. कंपनी ट्रान्झिस्टर रेडिओ विकत होती, पण ट्रान्झिस्टर जास्त फ्रिक्वेन्सीला चालेनात. त्यासाठी जर्मेनियममध्ये डोपिंग, म्हणजे मुद्दाम मिसळलेले परके अणू, वाढवायचं होतं, आणि त्यांनी फॉस्फरस निवडला, जो बेल लॅबनं वापरून बघून सोडून दिला होता. फॉस्फरस वाढवत गेले आणि एका मर्यादेनंतर माल खराब यायला लागला. जंक्शन, म्हणजे वेगवेगळ्या डोपिंगचे दोन भाग भेटतात तो सांधा, विचित्र वागायचं. आपल्याकडे काय झालं असतं? डोपिंग कमी करा, लाइन चालू ठेवा, रेडिओ शिप करा. सोनीनंही उत्पादनापुरतं तेच केलं असणार. पण एसाकींच्या हाताखाली एक छोटी टीम होती आणि त्यांनी उलटा रस्ता धरला, मुद्दाम अजून डोपिंग वाढवलं. बघू तरी किती बिघडतंय.

आधी असा डायोड मिळाला जो उलट्या दिशेनं जास्त करंट द्यायचा. म्हणजे डायोडच्या नावाला काळिमा. अजून पुढे गेले तर सुलट्या दिशेला ती घसरण दिसली. व्होल्टेज वाढवतोय आणि करंट कमी होतोय. थंड केलं की जास्तच स्पष्ट. हे १९५७ सालचं. जंक्शनची रुंदी भरली साधारण १५० अँगस्ट्रॉम, म्हणजे जेमतेम शंभरेक अणुथर. इलेक्ट्रॉनच्या वाटेतली भिंत ती हीच, आणि ते तिच्यावरून उडी मारत नव्हते, भिंतीतून पलीकडे जात होते. क्वांटम टनेलिंग कागदावर १९२० च्या दशकापासून होतं, घन पदार्थात ते पक्कं दाखवायला लोक कधीपासून धडपडत होते, आणि ते असं रेडिओ कंपनीत नको असलेल्या मालात सापडलं.

पेपर जानेवारी १९५८ च्या फिजिकल रिव्ह्यूमध्ये. दोन पानं. नोबेल १९७३. पीएचडी पेपरनंतर झाली, १९५९ ला!

बाकी पुढचं आयबीएम वगैरे प्रतिसादांत लिहितो, हात दुखले.

तिरपागडा

मस्त धागा. पण प्रामाणिकपणे सांगा, हे नशीबच ना? खराब लॉट आला, बघितलं, नोबेल. आमच्याकडे रोज खराब लॉट येतात, आम्हाला कोणी स्टॉकहोमला बोलवत नाही :)

क्यूसीवाले काका

तिरपागडा, मी ३१ वर्षं क्वालिटीत काढली, भोसरीत. कंपनीचं नाव नको. तुम्हाला एक सांगतो. १९८८ च्या सुमारास आमच्याकडे रेक्टिफायरच्या एका बॅचमध्ये लीकेज करंट चमत्कारिक यायचा, सकाळच्या पाळीत एक आणि रात्रीच्या पाळीत एक. मी चार दिवस आकडे मांडून साहेबांकडे घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "तुम्हाला पगार सॉर्टिंगचा मिळतो का संशोधनाचा?" संपलं. बॅच भंगारात. कारण काय होतं मला आजपण माहीत नाही. दमटपणा असेल, अजून काही असेल. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा कधीकधी आठवतं.

नशीब सगळ्यांकडे येतं हो. लाल डब्यात टाकायचं का टेबलावर ठेवायचं, तिथं फरक पडतो.

तिरपागडा

काका, दंडवत. शब्द मागे.

कंडेन्सर

नशिबाच्या मुद्द्यावर अजून एक भारी गोष्ट. हीच कल्पना एसाकींच्या आधी अमेरिकेत एकानं वहीत लिहून ठेवली होती. रॉबर्ट नॉईस, तोच, पुढे इंटेल काढणारा. ऑगस्ट १९५६ ची नोंद आहे, तेव्हा तो विल्यम शॉकलीच्या (ट्रान्झिस्टर शोधणाऱ्या तिघांपैकी एक) कंपनीत होता. निगेटिव्ह रेझिस्टन्स, म्हणजे व्होल्टेज वाढवल्यावर करंट घटणं, येईल असं त्यानं आकृती काढून मांडलं आणि साहेबाला दाखवलं. साहेबानं रस दाखवला नाही. नॉईसनं वही मिटली. पुढच्या वर्षी तो आणि सात जण शॉकलीला सोडून गेले ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

आणि आता ऐका. १९५८ ला ब्रसेल्सला मोठी कॉन्फरन्स झाली, तिथं उद्घाटनाच्या भाषणात एसाकींच्या डायोडचं कौतुक कोणी केलं? विल्यम शॉकलींनी! जपानात तोवर कोणी फारसं विचारत नव्हतं, शॉकली बोलले म्हटल्यावर भाषणाला गर्दी.

क्यूसीवाले काका, म्हणजे तुमचे साहेब एकटे नव्हते.

शून्य_प्रहर

मला एक कळत नाही, व्होल्टेज वाढवल्यावर करंट कमी का होतो? भिंतीतून जाता येतंय तर जास्त जोर लावल्यावर जास्त जायला पाहिजेत. कोणीतरी कॉमर्सवाल्याला समजेल असं सांगा. बँड डायग्रामचा फोटो टाकलात तर मी धागा सोडून जाईन.

इंदूची_आई

शून्य_प्रहर, मी बारावीला फिजिक्स शिकवते, प्रयत्न करते. हे पोरांना सांगते तसंच.

दोन चाळी समोरासमोर, म्हणजे जंक्शनच्या दोन बाजू, मध्ये अरुंद गल्ली. वाट्या आणि माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. इतकी अरुंद की गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्या गॅलरीत वाटी देता येते. डावीकडच्या चाळीत तळातल्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. उजवीकडे वरच्या गॅलऱ्या रिकाम्या. नेहमीच्या डायोडमध्ये ही गल्ली खूप रुंद असते, वाटी पोचतच नाही, पलीकडे जायचं तर जिना चढून गच्चीवरून जायला लागतं. एसाकीच्या डायोडमध्ये एवढं डोपिंग आहे (दर काही हजार अणूंमागे एक परका अणू, साध्या डायोडमध्ये कोटीत एखादा) की गल्ली बोळकंडीएवढी उरते.

आता व्होल्टेज द्यायचं म्हणजे डावी चाळ जॅक लावून हळूहळू वर उचलायची. भरलेल्या गॅलऱ्या रिकाम्या गॅलऱ्यांच्या समोर यायला लागल्या की वाट्या धडाधड पलीकडे जातात, करंट वाढतो. अगदी समोरासमोर आल्या की सगळ्यात जास्त. अजून उचला. आता भरलेल्या गॅलरीसमोर काय आलं? नुसती भिंत, गॅलरीच नाही. वाट्या थांबल्या. करंट पडला. आणखी खूप उचललं की लोक सरळ गच्चीवरून जायला लागतात, तो तुमचा नेहमीचा डायोडचा करंट, रेघ परत वर.

जोर महत्त्वाचा नाहीये इथं, समोर जागा आहे का ते महत्त्वाचं.

आणि एक, कृपया त्याला बोगदा म्हणू नका. खंडाळ्याचा बोगदा खणलेला असतो, एकदा खणला की कोणीही जातं. इथं कोणी काही खणत नाही, भिंत जशीच्या तशी असते. पोरं पेपरात "इलेक्ट्रॉन बोगदा पाडतो" लिहितात आणि मला लाल पेन काढावं लागतं.

शून्य_प्रहर

कळलं!!! आयुष्यात पहिल्यांदा फिजिक्स कळलं. गिरगावात वाढलोय, वाटी देवाणघेवाण रोजची होती :)

प्रयोगवही

मी मटेरियल्समध्ये संशोधन करते, लॅबमध्येच दिवस जातो, म्हणून माझं लक्ष नेहमी पेपरच्या शेवटच्या ओळीकडे जातं. त्या दोन पानी पेपरवर लेखक म्हणून एकटे एसाकी आहेत. शेवटी आभारात 'मिस वाय. कुरोसे', प्रयोगात आणि आकडेमोडीत मदत केल्याबद्दल. ती युरिको कुरोसे. आणि टीममध्ये ताकाशी सुझुकी होते. डायोडचे नमुने बनवणं, थंड करून रीडिंग घेणं, परत तापवून रीडिंग घेणं, आलेखावर टिंबं मांडणं, हे काम कोणाच्या हातचं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ती घसरण पहिल्यांदा प्रत्यक्ष कोणी बघितली असेल?

एसाकींचं श्रेय कमी करायचं नाहीये. हे टनेलिंग आहे हे ओळखायला आणि सिद्ध करायला त्यांचंच डोकं लागलं, नाहीतर ते रीडिंग चुकीचं म्हणून खोडलं गेलं असतं. पण धाग्यात एक नाव राहून जात होतं म्हणून लिहिलं.

कंडेन्सर

प्रयोगवही, हे नाव मूळ धाग्यात यायला हवं होतं, चूक माझी. 'छोटी टीम' लिहून मोकळा झालो.

गडबडगुंडा

म्हणजे आपले पेनड्राइव्ह, मोबाइलची मेमरी सगळं एसाकींच्या डायोडवर चालतं तर. ग्रेट.

प्रयोगवही

नाही हो गडबडगुंडा. फ्लॅश मेमरीत टनेलिंग आहे, पण ते वेगळ्या प्रकारचं, ऑक्साइडच्या थरातून, आणि ती तोशिबाच्या फुजिओ मासुओकांची. तोही जपानीच माणूस पण वेगळी कथा, त्यावर स्वतंत्र धागा होईल. खऱ्या एसाकी जंक्शनचा आजचा वापर म्हणाल तर उपग्रहावरचे मल्टीजंक्शन सोलर सेल. दोन-तीन सेल एकावर एक रचलेले असतात, त्यांच्या मधल्या सांध्यात करंट अडू नये म्हणून टनेल जंक्शन घालतात. दिसत नाही, पण असतं.

टांगा पलटी

मग सुटा टनेल डायोड मेला कशानं? साठच्या दशकात तर ट्रान्झिस्टरला खाणार अशी हवा होती म्हणे.

कंडेन्सर

हवा होतीच. वेग अफाट, भरभर स्विच व्हायचा, कॉम्प्युटर याच्यावर बनवू म्हणून जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम सगळे मागे लागले. पण पायच दोन! ट्रान्झिस्टरला तीन पाय, आत येणारा सिग्नल वेगळा, बाहेर जाणारा वेगळा. इथं आत-बाहेर एकाच दारानं, पुढच्या सर्किटची गडबड मागच्यात शिरते. शिवाय चढ आणि दरी यांच्यातलं अंतर काही शे मिलिव्होल्ट, त्यात हजारो डायोड एकसारखे बनवणं म्हणजे डोकेदुखी. तोवर आयसी (एकाच चिपवर अख्खं सर्किट) आले आणि हा मागे पडला. मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायर आणि ऑसिलोस्कोपच्या ट्रिगरमध्ये मात्र बरीच वर्षं टिकला.

आता एसाकी कुठे गेले ते. १९६० ला आयबीएमच्या संशोधन केंद्रात, न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्सला. गेले ते ३२ वर्षं तिथंच. नागरिकत्व मात्र जपानचंच ठेवलं. मला या भागातलं सगळ्यात काय आवडलं सांगू, माणूस डायोडला कवटाळून बसला नाही. १९६९-७० मध्ये राफाएल त्सू यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की निसर्गात मिळतात तेच क्रिस्टल कशाला वापरायचे, दोन सेमीकंडक्टरचे पातळ पातळ थर आलटून पालटून रचून माणसानं स्वतःच क्रिस्टल बनवावा. सुपरलॅटिस. पेपर पाठवला फिजिकल रिव्ह्यूला, तिथून साभार परत, परीक्षकाचं म्हणणं की नुसत्या कल्पनेच्या भराऱ्या आहेत आणि यात नवीन फिजिक्स नाही. ज्या मासिकानं डायोड छापला त्याच मासिकानं! मग तो आयबीएमच्या घरच्या जर्नलमध्ये छापला. त्यानंतर लेरॉय चँग वगैरे मंडळींनी मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सीनं (व्हॅक्यूममध्ये अणूंचे थर एकेक करून चढवायची पद्धत) खरोखर थर रचून दाखवले, १९७४ मध्ये रेझोनंट टनेलिंग दाखवलं, आणि आज लेझर डायोडपासून सगळीकडे तो थर रचायचा धंदा चालू आहे.

माझ्या मते दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं. पहिलं सापडलं होतं, दुसरं आधी डोक्यात उगवलं आणि मग हातानं घडवलं.

प्रयोगवही

+१. मी रोज जे थर वाढवते त्याची पणजी ती.

टांगा पलटी

नोबेल एकट्याला का वाटून?

इंदूची_आई

वाटून. १९७३ चं फिजिक्स, अर्धं एसाकी आणि इव्हार गियेव्हर यांना मिळून, अर्धं ब्रायन जोसेफसनला. तिघंही टनेलिंगवाले. गियेव्हर मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, जनरल इलेक्ट्रिकमध्ये, त्यांनी सुपरकंडक्टरमधलं टनेलिंग दाखवलं. आणि जोसेफसननं थिअरी मांडली तेव्हा तो २२ वर्षांचा विद्यार्थी होता. एसाकींचं काम झालं तेव्हा ते ३२ चे. तिघांपैकी दोघं चक्क कंपनीत नोकरी करणारे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण पोरांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणजे युनिव्हर्सिटीतच असतो.

जपानचं फिजिक्सचं हे तिसरं नोबेल. आधीचे युकावा १९४९ आणि तोमोनागा १९६५, दोघंही थिअरीवाले, कागद-पेन्सिल. कारखान्याच्या मालातून आलेलं हे पहिलंच.

परदेशी_पाखरू

त्सुकुबाला पोस्टडॉक केलंय, म्हणून दोन ओळी. एसाकी १९९२ ला जपानला परतले ते तिथल्या युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट म्हणून, सहा वर्षं. शिक्षणक्षेत्रात आयुष्य न काढलेला, ३२ वर्षं अमेरिकन कंपनीत राहिलेला माणूस थेट राष्ट्रीय विद्यापीठाच्या खुर्चीत, तिथल्या मानानं हे फारच वेगळं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी ती खुर्ची सोडून बरीच वर्षं झाली होती पण त्यांचे 'पाच नको' सगळ्यांना पाठ. अनुभवाच्या जाळ्यात अडकू नका, कुठल्या थोर माणसाच्या फार आहारी जाऊ नका, नको ते साठवून ठेवू नका, भांडायची वेळ आली तर पळू नका, आणि लहानपणीचं कुतूहल सोडू नका.

आमचे जपानी प्रोफेसर हे पाचही सांगायचे आणि मग दुसऱ्या नियमाप्रमाणे कोणी त्यांना विरोध केला की दिवसभर बोलायचे नाहीत.

तिरपागडा

हाहाहा. तिसरा नियम आमच्या आईला पाठवतो, माळ्यावर १९९२ पासूनच्या श्रीखंडाच्या डब्या आहेत.

क्यूसीवाले काका

तिसऱ्या नियमाशी मी असहमत. नको ते साठवलं म्हणूनच खालची गोष्ट घडली.

रिटायर व्हायच्या आधी काही वर्षं मी ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) दुरुस्त करायचो, बाहेरची कामं. जुन्या स्कोपच्या ट्रिगर बोर्डवरून काढलेले दोन टनेल डायोड डबीत ठेवले होते. जर्मेनियमचे, एक मिलिअँपवाले. हा धागा वाचून काल दुपारी शोधून काढले. बायको म्हणाली आता हे काय.

पहिल्यांदा चूक केली. सिरीजला एक किलोओहम लावला. करंट एक मिलिअँपपर्यंत गेला आणि पुढे डायोडवरचं व्होल्टेज ६० मिलिव्होल्टवरून एकदम ४५०-५०० ला उडी मारून बसलं. मधली घसरण गायब. मग डोक्यात प्रकाश पडला, या डायोडचा निगेटिव्ह रेझिस्टन्स शे-सव्वाशे ओहमच्या घरात, बाहेरचा रेझिस्टन्स त्याच्यापेक्षा कमी पाहिजे, नाहीतर तो मधे थांबणारच नाही. पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) आणि दहा ओहमचा डिव्हायडर करून परत बसलो. २० मिलिव्होल्टला चढतोय, ६० ला टोक, मग १५० ला निम्मा, ३५० च्या आसपास जवळजवळ तळाला, मग परत वर. वहीत टिंबं मांडली, हातानं रेघ ओढली. पुस्तकातलीच रेघ! डायोड किती जुना असेल देव जाणे, माझ्या नोकरीपेक्षा नक्की जुना.

दुसरा डायोड मेला होता. तोपण डबीत परत ठेवलाय.

परदेशी_पाखरू

काका, जुना असूनही चालतो याचं आश्चर्य नको. २०१० मध्ये स्वतः एसाकी आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये छोटं टिपण दिलं होतं, पन्नास वर्षांपूर्वीचे डायोड काढून मोजले तर अजून ठणठणीत. तेव्हा ते ८५ ला टेकले होते, म्हणजे डायोडही टिकले आणि मोजणारेही.

कंडेन्सर

काका!! फोटो टाका त्या वहीच्या पानाचा. मुलीला दाखवला तुमचा प्रतिसाद, म्हणाली खरंच असा डायोड असतो? तिला वाटत होतं तो फक्त परीक्षेत असतो. भोसरीजवळच असाल तर रविवारी तिला घेऊन येऊ का?

क्यूसीवाले काका

या की. चारनंतर या, त्याआधी मी झोपतो. मुलीला सांगा मल्टीमीटर ओहमवर ठेवून डायोडला लावायचा नाही, एकच जिवंत उरलाय. ब्रेडबोर्ड आणू नका, तारा लांब झाल्या की हा आपोआप ऑसिलेट व्हायला लागतो आणि रीडिंग वेडीवाकडी येतात, आपण थेट सोल्डर करू. फ्रीजमध्ये बर्फ लावून ठेवतो, गार करून दरी अजून खोल जाते का ते तिच्याच हातानं बघू दे. आणि येताना दहा ओहमचे चार-पाच रेझिस्टर घेऊन या, माझ्याकडे एकच उरलाय, बाकी सगळे किलोमध्ये.